वाऱ्यावर ताबा

नोव्हेंबरच्या शेवटी ट्रोम्सोत सूर्य उगवायचा थांबतो
आणि माझे फोन सुरू होतात.
गुरुवारी, जेवणानंतर, चौथ्या मजल्यावर,
जिथे कॉफीचं यंत्र आणि नोंदींचं कपाट
एकाच भिंतीला टेकलेलं आहे.
ज्यांच्या आतड्याचा शेवटचा वीतभर तुकडा
आमच्याकडे राहिला, मेणाच्या ठोकळ्यांत,
त्यांना मी वर्षातून एकदा विचारते, कसं चाललंय?
खरं तर तसं विचारायचं नसतं.
विचारायचं ते छापलेलं आहे: पाच प्रश्न,
प्रत्येकापुढे चौकटी, एका चौकटीत एक फुली.

एलर्ट मिक्कलसेन, एकाहत्तर, कॉड पकडणारा,
बेटावर एकटा.
जोड गुदद्वारापासून सहा सेंटिमीटरवर,
शिवणारे डॉक्टर औडुन. गळती: नाही.
गळती नाही, म्हणजे आमच्या तक्त्यात तो यशस्वी.

पहिला प्रश्न. वारा सरताना ताबा राहतो का?
पलीकडे आधी काहीच नाही, मग एवढं मोठं हसू
की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.
"बाई, पन्नास वर्षं समुद्रावर काढली.
वाऱ्यावर ताबा कुणाचा असतो?"
मी फुली मारली. तीही वाकडी आली, हसण्यानं.

दिवसातून किती वेळा जावं लागतं?
"मोजत नाही. मासे मोजतो."
अंदाजे?
"होडीत पूर्वी एक बादली होती, आमिषाची.
आता दोन आहेत. लिहा."

एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा?
इथे तो हसला नाही.
जूनमध्ये पुतणीचं लग्न होतं, म्हणाला.
चर्च लाकडाचं, जुनं, आसपास संडास नाही.
कोटाला इस्त्री केली, बूट पुसले,
आणि धक्क्यावरच थांबलो.
घंटा ऐकली. पाण्यावरून चांगली ऐकू येते घंटा.
"याला चौकट आहे का तुमच्याकडे?"

नव्हती.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं, उभं,
आडवी जागा संपली होती म्हणून:
लग्न. धक्का. घंटा.

आकडेवारीवाली इंगरी म्हणाली,
संगणकाला समास नसतो.
तिचं चूक नाही. दोनशे बारा माणसं आहेत यादीत,
प्रत्येकाची घंटा ऐकत बसलं तर
निबंध कधी छापायचा?

औडुननी कागद उभ्याउभ्याच वाचला.
"जोड तर टिकला," म्हणाले, माझ्याशी नव्हे.
मग कागद उभा धरून पुन्हा वाचला,
मान वाकडी करून,
आणि विचारलं, धक्क्यापासून चर्च किती लांब आहे?
मला काय माहीत.

सोमवारी रिस्टेन होती, रेनडिअर पाळणाऱ्यांतली, बावन्न वर्षांची.
पोटावर टिंब काढायचं होतं,
जोडण्याऐवजी पिशवी ठेवायची झाली तर कुठे, त्यासाठी.
एरवी दोन मिनिटांचं काम, आडवं निजवून.
त्यांनी तिला बसवलं. वाकवलं.
पट्टा कुठे येतो? स्कूटरवर बसताना पोटाला घडी कुठे पडते?
आणि मग, पेनचं टोपण दातांत धरून:
वर्षातलं काय चुकवायचं नाही तुम्हाला?

ती बराच वेळ गप्प.
"उन्हाळ्यात पिल्लांच्या कानांवर खूण कापतो आम्ही.
रात्रभर, कुंपणात, सगळे नातेवाईक.
तिथे आडोसा नसतो. अंधारही नसतो."

भूलतज्ज्ञ दोनदा डोकावून गेला.
यादी चाळीस मिनिटं लांबली,
त्याची नोंद मात्र झाली, तिला रकाना आहे.

सहावा प्रश्न मी सुचवला होता. समितीचं उत्तर आलं:
मोजता येत नाही.
बरोबर आहे.
तरी पाचव्यानंतर मी फोन लगेच ठेवत नाही,
पान फिरवून धरते.

टिंब शेवटी कुठे पडलं,
शिवलं की पिशवी ठेवली, मला ठाऊक नाही.
माझं काम फोनचं.
तिचा नंबर पुढच्या अंधारात येईल.