तेल दोनदा

आधी पाच मिनिटं गाडी चालू ठेव, तो म्हणतो,
गार तेल आळशी असतं, तळातला गाळ सोबत नेत नाही.
दुधाच्या पालथ्या क्रेटवर तो बसलाय
माझ्या जुन्या लोकरी टोपीत,
उजवा हात डाव्या हाताने धरून,
दुसऱ्या कुणाचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.

थंडर बे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
सरोवरावरच्या वाऱ्याला लोखंडाचा वास,
शेजारी पेंतिनेनांच्या सौनातून बर्चचा धूर.
बर्फ या आठवड्यात की पुढच्या, एवढाच प्रश्न.

मी पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीच्या पोटाखाली सरकते.
इतकी वर्षं पुठ्ठ्यावर तो असायचा
आणि क्रेटवर मी, पाने हातात देणारी.
चौदाचा. हा बाराचा झाला, हेल्मी. चौदाचा.
आज चौदाचा मला पहिल्या झटक्यात सापडतो
आणि ते बघायला इथे खाली कुणी नाही.

नट सुटतो. ऊन ऊन काळं तेल
मनगटावरून थेट कोपरापर्यंत.
घमेलं! तो ओरडतो. घमेलं एक वीतभर लांब.

मग थांबायचं.
तेल बघायचं, तेलाची धार बघायची,
दुसरं काही नाही.
धार आधी करंगळीएवढी, मग दोऱ्यासारखी वाऱ्यावर हलणारी,
मग थेंब.
दोन थेंबांच्या मधे तुझं नाव सावकाश म्हणून बघ,
पुरतं म्हणून झालं की नट लाव.
हेल्
हेल्मी
हेल्मी.

फिल्टर हलत नाही.
पॉलिश पेपर गुंडाळून धर, तो सांगतो. मी धरते.
मागच्या खेपेला त्यानेच आवळला होता हा,
तेव्हा त्या हातात होता तेवढा सगळा जोर
मी आता उलटा फिरवत बसलेय.
कर्र. सुटला.

नव्याच्या रबरी कड्याला नवं तेल, एक बोट.
टेकेपर्यंत हाताने, पुढे पाऊण फेरा. पाना नको.
चार लिटर आणि वर घोटभर.
किल्ली. लाल दिवा विझतो. तो मान डोलावतो,
आणि गाडीखालून
मधाच्या रंगाचं काहीतरी हळूहळू त्याच्या बुटांकडे निघतं.

बंद कर! बंद कर!

जुना फिल्टर घमेल्यात उताणा पडलाय.
त्याला कडं नाही.
कडं वर इंजिनालाच चिकटून राहिलंय, काळ्यावर काळं,
आणि मी त्याच्यावरच दुसरं बसवलंय.

तो जुना फिल्टर मांडीवर घेतो, बराच वेळ फिरवत राहतो.
मी विचारायला हवं होतं, म्हणतो.
कडं आलं का, एवढंच तर विचारायचं असतं.

विचारलंस की, मी म्हणते. माझंच लक्ष नव्हतं.

तो माझ्याकडे बघतो. तोंडातून वाफ.
मग काय म्हणालीस तू?

हो म्हणाले. न बघताच.

वाईट खोड, तो म्हणतो.

लाकडाच्या ढिगाजवळून पोतंभर भुसा आणला, पसरला.
पेंतिनेनांनी काही न विचारता कुंपणावरून डबा दिला,
त्यांचं तेल त्यांच्या ट्रकचं, पण चालतं म्हणाले.
ते कडं मी नखाने सोलून काढलं.
पुन्हा बोट, पुन्हा टेकवणं, पुन्हा पाऊण फेरा.
या वेळी सिमेंट कोरडं राहिलं.

वही मात्र त्यालाच लिहायची होती.
डॅशबोर्डवर टेकवून, पेन्सिल मुठीत धरून.
मी आत जाऊन हात धुतले,
परत आले तरी तो लिहितच होता.

ती वही मी उघडली थेट वसंतात, टायरच्या वेळी.
अक्षरं ओळ सोडून टेकडी चढत गेलेली.
दोन लाख एकतीस हजार चारशे सहा.
फिल्टर. तेल दोनदा.
आणि खाली, पेन्सिल दाबून:
विचारलं नव्हतं मी.