गॅस पास झाला का?

श्रेणिकचा वाढदिवस म्हणून गेले, असं सगळ्यांना सांगितलंय.
खरं तर तिकिटं मीच काढली, चार दिवस आधी,
पोस्टर बघून: एक राक्षस, डोंगराएवढं ढुंगण,
आणि त्याच्याखालून पळणारं गाव.

मिरजेहून सांगली, सिटी बस, विश्रामबागला खोळंबा,
पर्समध्ये भडंगाची पुडी, तिच्यावर रुमाल.
साडेअकराचा खेळ. सगळी पोरंच.
छप्पन वर्षांची मी एकटीच, असं मला वाटलं.

राक्षस शेंगा खातो. पोत्यानं. टरफलासकट.
मग थांबतो. पोट धरतो. आभाळाकडे बघतो,
आणि थेटरातली तीनशे पोरं श्वास रोखतात.
मी पण.

कौलं उडतात. सरपंचाचा फेटा उडतो.
वरातीतला घोडा नवऱ्याला टाकून
बँडवाल्यांच्या मागं लपतो.
दरोडेखोर ओळीनं आडवे होतात, शेवटचा तेवढा
बोटानं मोजतो, सगळे पडलेत ना,
आणि मग पडतो.

त्या शेवटच्यावर मी अशी हसले
की भडंगातला शेंगदाणा नाकात गेला.
श्रेणिक म्हणाला, "आत्ती, हळू. लोक बघायल्यात."
सात वर्षांचा. कपाळावर आठी. हुबेहूब त्याचे पणजोबा.

त्याला कसं सांगू,
सत्तावीस वर्षं मी लॅबच्या खिडकीत बसते.
सकाळी सातला माणसं मान खाली घालून
डब्या पुढं सरकवतात, कागदात गुंडाळून,
कुणी तर मिठाईच्या पिशवीतून.
मी नाव विचारते, वय विचारते, लेबल लावते.
रंग. घट्टपणा. आव, रक्त, जंत.
तिथं कुणी हसत नाही. हसू नयेच.
एका बाईनं डबी देताना "माफ करा हं" म्हटलं होतं,
जशी काही ती माझ्या घरात
चिखलाच्या पायांनी आली.

आणि अण्णा.
आतड्याचं ऑपरेशन, आमच्याच मिरजेत.
रोज सकाळी डॉक्टर येऊन एकच विचारायचे,
"गॅस पास झाला का?"
अण्णा, ज्यांनी उभ्या जन्मात
चारचौघांत साधी ढेकर दिली नाही,
भिंतीकडे बघायचे.
पहिला दिवस नाही. दुसरा नाही.
जयसिंगपूरहून काका आले, दारातूनच भुवई उडवली.
नाही.
आई उशाशी णमोकार म्हणत बसलेली.
तिसऱ्या रात्री अडीचला, वॉर्ड सगळा झोपेत,
आला.
लहानसा. बिचकत.
शाळेत नवं आलेलं पोर हजेरीला "हजर" म्हणतं तसा.
आईनं हात जोडले. माझे डोळे भरले.
शेजारच्या खाटेवरून अंधारात कुणीतरी म्हणालं,
"सुटलासा, अण्णा."
आणि कुणीच हसलं नाही.

कुणीच हसलं नव्हतं, हे मला
अकरा वर्षांनी, राक्षसाच्या धुरळ्यात, एकदम कळलं.
मग ते राहिलेलंही हसून घेतलं.
आईच्या वाटचं. काकांच्या वाटचं.
अण्णांच्या वाटचं जरा जपून, तोंडाला पदर लावून.

मध्यंतरात दिवे लागले.
पुढून तिसऱ्या ओळीत मघापासून एक टक्कल गदगदत होतं,
ते वळलं. आमचे डॉक्टर कुंभोजकर.
सोबत पोर नाही. नातू नाही. कुणी नाही.
मांडीवर पॉपकॉर्नची बादली, सर्वांत मोठी.
मी त्यांना बघितलं, त्यांनी मला,
आणि दोघांनीही एकदम
आग विझवायच्या लाल नळकांड्याचं निरीक्षण सुरू केलं.

आज सोमवार. रिपोर्टांची चळत घेऊन केबिनमध्ये गेले.
त्यांनी पेन उघडलं. सही. सही. सही.
एका कागदापाशी थांबले, शाई झटकली,
खुर्ची जरा मागं रेटली,
आणि खुर्चीचं जुनं रेक्झिन
लांबलचक, सविस्तर, बोललं.

ते कागदाकडे बघत राहिले. मी पंख्याकडे.
"खुर्ची," ते म्हणाले.
"हो सर," मी म्हणाले.
"शेंगा."