जमा: अर्धी पेनी

गार्थ ब्लँचर्डने परवानगी दिली ती कुंपणाशी, उभ्या उभ्या,
चहाच्या मगातून नजर न काढता:
"पेरणीच्या आत काय ते उरका.
आणि खड्डे बुजवा. माझ्या मेंढीचा पाय मोडला
तर गाठ माझ्याशी आहे."
हा तिसरा शेतकरी. पहिले दोघे नुसते हसले होते.

यंत्र जुनंच घेतलं, एका निवृत्त वेल्डरकडून.
मुठीवर त्याची चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या घामाचा डाग.
त्यानं एवढंच शिकवलं: चकती जमिनीला समांतर.
गवत कापतात तशी नाही, इस्त्री फिरवतात तशी.

एकतीस वर्षं मी टपाल कचेरीच्या काचेमागे बसले.
नाण्याचा आवाज मला काय नवा?
गल्ल्यात पडलं की न बघता सांगायची, वीसचं की पन्नासचं.
पण इथं नाण्याच्या वतीनं माती बोलते
आणि मातीचे उच्चार मला लागत नाहीत.
लोखंड घोरतं.
शिसं गोड बोलून फसवतं.
बिअरच्या डब्याची कडी चांदीच्या सुरात गाते.
पहिल्या शनिवारी अठरा कड्या,
काडतुसांची दोन पितळी बुडं, ट्रॅक्टरचा नट
आणि गुडघ्यात कळ.

आजवर वाचला तो इतिहास राजांचा.
शेतात राजे नसतात. शेतात बटणं असतात.

ऑक्टोबरात एकदा, टिटव्या उठून गेल्यावर,
एक बारीकसा आवाज;
आडवं फिरवलं की हजर, उभं फिरवलं की गप्प.
चार बोटं खोल. ढेकूळ फोडलं तर आत
नखाएवढी चांदी, अर्धा चंद्र,
त्यावर अर्धा क्रूस.
मी हातातलं खुरपं टाकलं. मीच तोडलं हे, म्हटलं.
चिमटीत धरून तशीच निघाले.

वस्तुसंग्रहालयातल्या थर्झा ओक्सने भिंगाखाली धरलं.
"तुटलेलं नाही. कापलेलं आहे.
तेव्हा सुटे मिळायचे नाहीत. पेनीचे सरळ दोन तुकडे करायचे,
एक द्यायचा, एक ठेवायचा.
आठशे वर्षं झाली असतील, थोडी इकडंतिकडं."

सुटे!
गाडीत येऊन बसले, किल्ली न फिरवता.
ती संध्याकाळ मला ठाऊक आहे:
शटर खाली, गल्ला पालथा, मोजलेलं पुन्हा मोजायचं,
आणि तरी कमी.
एकदा चार पौंड साठ कमी भरले. पदरचे घातले
आणि डेन्झिलला कित्येक महिने बोलले नाही.
हिनं घरी काय सांगितलं असेल?
(ही 'ही'च होती, असं मी धरूनच चालले.)
आल्या वाटेनं किती वेळा फिरली असेल, खाली बघत,
माझ्यासारखीच, फक्त यंत्राशिवाय?

रात्री वहीत रकाने पाडले, जुनी सवय.
बारा एकरी, वायव्य कोपरा, चार बोटं.
जमा: अर्धी पेनी.
कुणाकडून, या रकान्यापाशी पेन थांबलं,
थांबलं ते थांबलंच,
आणि तेवढ्यात आठवलं,
खड्डा बुजवायचा राहिला.

टॉर्च घेऊन गेले. मेंढ्या लांब होत्या.
माती परत ढकलली, बुटानं दाबली,
आणि जाता जाता त्या जागेवरून
चकती आणखी एकदा फिरवून पाहिली.