जवळ, दोनदा

राजारामपुरी, आठवी गल्ली,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
संध्याकाळच्या बॅचला दहाएक जण.
एक हा सगळ्यात ठाम आकडा,
पण दहाच्या पाठीला चिकटला
की दहासुद्धा डळमळतात.

फळ्यावर लिहिलं: ऑलमोस्ट.
खाली मराठीत: जवळजवळ.
आणि खडू तिथंच राहिला.
हळूहळू म्हणजे आणखी हळू,
लांबलांब म्हणजे आणखी लांब,
मग जवळ दोनदा म्हटलं
की मध्ये फट का पडते?

मागच्या बाकावर हिंदुराव चौगुले.
वय अंदाजे बासष्ट,
जन्मतारीख गुरुजींनी टाकलेली, एक जून.
गंगावेशीत म्हशी पिळून
गिऱ्हाइकासमोर दूध घालतात.
म्हणाले, आमच्या धंद्यात ह्यो शब्द न्हाई.
लिटर म्हंजे लिटर, वर एक धार.

मग फुटका कान चोळत बसले थोडा वेळ.
पंच्याऐंशी साल, खासबाग.
घिस्सा बसला, कराडकडचा गडी उलटला,
एक खांदा मातीत.
दुसरा,
त्यांनी दोन बोटं आडवी धरली,
एवढा वर.
पंच पालथं पडून बघाय लागलं.
हलगी चालूच.
शेवटी बरोबरीत सोडवली.

कुणीतरी पुढून विचारलं, सुमारे चालेल का, मॅडम?
चालतं, घड्याळाला, गर्दीला.
मैदानात सुमारे वीस हजार माणसं होती म्हणता येतं,
सुमारे चीत म्हणता येत नाही.
शिवाय शेवटची मात्रा पुसली गेली
तर नुसतं सुमार उरतं.
पोरं हसली. हिंदुराव नाही.
ऑलमोस्ट म्हंजे न्हाईच की, बाई.
फकस्त सांगताना जरा बरं वाटतंय.

गृहपाठ होता पाच वाक्यं.
दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच आणलं,
वहीला कडब्याचा वास.
आय ऑलमोस्ट,
मग कोरी जागा, मग पूर्णविराम
दाबून काढलेला, मागच्या पानापर्यंत गेलेला.
क्रियापद कुठाय?
मोजा की, म्हणाले.

मी लाल पेन खाली ठेवलं
आणि त्या जागेत बोटं लावली.
त्यांची दोन असतील.
माझी बारीक आहेत, तीन मावली,
साधारण.