शिक्षण : नववी

सांगलीच्या कॉलेजात, खिडकीपलीकडच्या आवटीसाहेबांनी
पोरीचा फॉर्म आधी वरून खाली वाचला,
मग खालून वर.
वडिलांचे शिक्षण : नववी.
खालच्या ओळीत उत्पन्न.
पेनाच्या टोकानं एकेक शून्य मोजलं त्यांनी
आणि हळूच विचारलं,
"देवकर, एखादं शून्य जादा पडलंय का?"

नाही साहेब.
सी.ए.च्या कागदावरनं उतरवलंय, जसंच्या तसं.

नववीच्या सहामाहीत गणितात अकरा.
मुळीक गुरुजी भर वर्गात म्हणाले,
हा अंगठेछापच राहणार.
दिवाळी सरली तसं भाऊसोमामानं
विट्याच्या स्टँडवर हातात वळकटी दिली, भडंगाची पुडी दिली,
आणि मिरजेत रेल्वेत बसवलं.
कोइमतूर कुठं आलं, हे नकाशात बघायचं
भूगोलाच्या तासाला राहून गेलं होतं.

पहिली चार वर्षं पगार नाही.
दोन वेळचं जेवण, पोटमाळ्यावर झोप,
आणि दिवसभर सराफी कारखान्यांचा केर.
हो, केर.
कारागिराच्या पाटाखालची धूळ,
पाय पुसायचं गोणपाट,
हात धुतलेल्या पाण्याचा गाळ,
एकदा तर एकाची फाटकी बनियन,
सगळं पैसे मोजून विकत घ्यायचं.
जाळायचं. कुटायचं. पाऱ्यात घोळायचं.
पोतंभर राखेतनं ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळं निघालं
की मामा म्हणायचा, "आज मटण."

शिव्या विट्याच्या,
हिशेब तमिळमधला.
ओन्ड्रु, रेंडु, मून्ड्रु.
अकरा मार्कांचा मी
मिलिग्रॅमपर्यंतची घट तोंडी सांगाय लागलो.
पाचव्या वर्षी कसावरची रेघ बघून टंच बोललो,
मागनं मशीननं तोच आकडा दाखवला.
त्या दिवशी शेठनं
पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली.
मी उभाच राहिलो. सवय नव्हती.

आता तीन दुकानं. हाताखाली अकरा पोरं,
त्यातली दोन बी.ए.
त्यांना मी शिव्या जरा बेतानं देतो.

गेल्या मे महिन्यात कावेरी भट्टीपाशी आली,
नाकाला ओढणी धरून उभी राहिली
आणि तेजाबातनं उठणाऱ्या तांबड्या धुराचं नाव
तिनं मला सांगितलं.
तीस वर्षं मी त्याला तांबडा धूरच म्हणत होतो.
मग म्हणाली, "पप्पा, तुमच्या खोकल्याचंपण
हेच नाव आहे."
दुसऱ्या दिवशी चिमणीवर मोठा पंखा बसला.
तिनंच माणूस आणला, तिनंच भाव केला.
घासाघीस मात्र माझी घेतलीय.

"इथं अंगठा लावा," आवटी म्हणाले.
लावला. मशीनवर लाल दिवा.
पुसून लावला. लाल.
कावेरीनं ओढणीनं पुसला, त्यावर फुंकर घातली,
लहानपणी मी तिच्या गुडघ्यावर घालायचो तशी.
लालच.
तेजाबानं कधीच्या खाल्ल्यात रेघा.
गुरुजी, तुम्ही अंगठेछाप म्हणाला होता,
छाप तरी कुठं उरली?

"राहू दे, सहीच करा."
केली. तुमच्याच वळणाची आहे गुरुजी,
'द'ला शेपूट जरा लांब.

बाहेर चहा घेत होतो
तर आवटीसाहेब जेवणाच्या सुट्टीत मागनं आले.
चपलेनं खडा सरकवत म्हणाले,
"आमचा मुलगा... बी.कॉम. झालाय.
दोन वर्षं झाली, घरीच असतो.
तुमच्याकडं काही..."

जागा होती. दिवाळीनंतर लागणारच होता एक.
मी विचारलं, नाक कसं आहे पोराचं? छाती?
ते म्हणाले, "म्हणजे?"

कावेरी माझ्याकडं बघत होती.
मला खोकला आला,
आणि तेवढ्यानं
लगेच हो म्हणायचं राहून गेलं.