शून्य-शून्य

सराटे वेचायला दोन उन्हाळे लागले.
हे आधी सांगून ठेवतो,
कारण पेपरात नुसतं नव्या बाईंचं नाव आलं.

बोरगव्हाणचं मैदान म्हणजे जिनिंगमागची पडीक.
मार्चात एवढ्या भेगा, की एकदा माझं घड्याळ आत गेलं,
दिसत होतं, निघालं नाही.
मी खाणीच्या संघाचा गोलकीपर. सव्वीस वर्षं.
खाण बंद पडली, संघ तिच्याही आधी.
आता चुना मारतो.
रेघ सरळ येते, बाकी काही येत नाही.

देशाचा मुलींचा संघ तेव्हा हरत होता.
हरत होता म्हणजे, सवय लागली होती;
पाय बरा झाला तरी
माणूस लंगडतच राहतो, तसं.
निखाड्याच्या पानठेल्यावर टीव्ही.
चौथा गोल झाला की प्रल्हाद चॅनल बदलायचा,
कोणी त्याला काही म्हणायचं नाही.
पोट्टे दुसऱ्याच देशांचे बनियन घालून हिंडत.
आपला रंग बाजारात नव्हता,
कोणी मागितलाही नव्हता.

रेवता मारबतेला मी पाहिलं ते डांगरवाडीत.
वर्धेच्या वाळूतून ट्रकपर्यंत
टरबुजं हातोहात फेकत होते घरचे,
शेवटी ही, फाळक्यावर उभी.
तासभर पाहिलं.
एकही फुटलं नाही.
तिच्या आईला म्हटलं, पोरगी देता का संध्याकाळी?
ती म्हणाली, ट्रक भरला की न्या.

मग सराटे. मग पडायला शिकवणं.
काळ्या मातीवर पडणं हे वेगळंच शास्त्र आहे बाप्पा,
ते पुस्तकात नाही, कोपरावर लिहिलेलं असतं.

नव्या बाईंनी आल्या आल्या सोळा नावं खोडली.
गावोगाव हिंडल्या, वणीतही तीन दिवस राहिल्या,
एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजवर, पंखा बंद.
रेवता गेली.
पहिल्या महिन्यात तिचा फोन,
"काका, इथं चेंडूच देत नाही.
बाई म्हणते, पहिले एकमेकींची नावं घ्या. जोरानं.
आम्ही दिवसभर नावंच ओरडून राह्यलो."
मणिपूरची एक, केरळची दोघी,
हिला धड म्हणता येईनात.
इकडे ही आंघोळीच्या वेळी पाठ करायची.
आणि जुनी कॅप्टन, जिला काढलं,
ती गेलीच नाही म्हणे;
चेंडूंची जाळी उचलते,
रात्री सोललेल्या कोपरांना हळद लावून देते,
कोणाशी फार बोलत नाही.

पहिला सामना पाचने हरले.
मग तीनने.
मग एकाने, तोही शेवटच्या मिनिटाला,
तेव्हा प्रल्हादने रिमोट आपटला,
आणि मला बरं वाटलं;
सात वर्षांत पहिल्यांदा
कोणाला तरी राग आला होता.

मग परवाचा.
नव्वद मिनिटं प्रल्हादचा अंगठा बटणावरच,
सवयीनं.
वरून पाच मिनिटं.
रेवता एकदा उजवीकडे पडली,
मला वाळू दिसली.

शून्य-शून्य.

शिट्टी वाजली, कोणी हललं नाही.
फटाके होते, पण ते कशाचे, हे कोणाला ठरवता येईना.
आत्रामचा लहाना मला विचारतो,
"काका, जिंकलो का?"
नाही.
"मंग हरलो?"
नाही रे.
तो जरा वेळ उभा राहिला,
मग पानठेल्यामागे जाऊन
भिंतीवर चेंडू मारत बसला,
अंधार पडला तरी आवाज येत होता.

मी मैदानावर गेलो. उद्या नऊ पोरी येणार आहेत,
दोन माजरीवरून, सायकलनं.
डाव्या गोलाकडची रेघ पुसली होती,
बकऱ्या बसतात तिथं.

रात्री तिचा फोन आला.
सामन्याचं मी काढलं, तिनं ऐकलंच नाही.
म्हणे, नदी उतरली का?
वाळूत खड्डे झाले का बाबाचे?
अर्धं समजलं, अर्धं नाही.
गळा पार बसला होता पोरीचा,
नावं घेऊन घेऊन.