दोन डझन

किती फाडू, दुकानदाराने विचारलं,
गांधीबागेत, पंख्याखाली, थान उलगडत.
मला एवढंच माहीत होतं की बाळ एक.

घरी येऊन वहीत मांडलं.
दिवसाचे दहा-बारा, रात्रीचे चार,
धुवायला एक वेळ, वाळायला
वाळायला काय धरायचं ते कळेना.
डॉक्टरांनी दिलेली तारीख ऐन नवतप्यातली.
"नवतप्यात?" मामाजी हसले.
"अजी, दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत
पहिलं टोक वाळून जाते.
दोन डझन पुरे."

मामाजी म्हणजे माझे सासरे,
तांडापेठेत चाळीस वर्षं मागावर बसलेले.
ते कापड डोळ्यांनी पाहत नाहीत.
अंगठा आणि तर्जनीत धरतात, मान वर करून,
वैद्य नाडी धरतो तसं.
माझी चार मीटर नवी मलमल अशीच पाहिली
आणि घडी करून बाजूला सारली.
"खळ आहे हिच्यात. सात पाण्यांतून काढा, मग पाहू."

पिशवीतून त्यांनी स्वतःची धोतरं काढली. तीन.
एकाच्या काठाशी हळदीचा डाग,
प्रणोतीच्या लग्नातला, इतक्या धुण्यांनंतरही.
कात्री दिली तर घेतली नाही.
दातांनी एक चीर, मग दोन्ही हात लांब,
टर्रर्र,
धाग्याला धरून सरळ.

"बाबा, हळू," प्रणोती म्हणाली पोटावर हात ठेवून,
"आत दचकते ते."

उरलेली दोन त्यांनी बादलीत भिजवून फाडली.
जोर जास्त लागला. हाताच्या शिरा वर आल्या.
आवाज नाही.

मी मीटरचे आकडे टिपणारा माणूस,
रात्री कूलरसमोर बसून बंद शिवत होतो.
तिरके टाके. अकराव्यापासून जरा बरे.

मग पाच आठवडे आधीच झालं.
एक किलो सातशे. काचेच्या पेटीत,
टाचेला पट्टी, नाकात नळी.
नर्सने चिठ्ठी दिली, बाजारातले डायपर आणा,
सगळ्यांत लहान.
सगळ्यांत लहानही तिच्या काखेपर्यंत आले.

घरी लंगोट होते तसेच, चोवीस.
सकाळी कामावर जायच्या आधी मी ते धुवायचो.
कोणी घातले नव्हते, तरी धुवायचो,
गच्चीवर पसरायचो, संध्याकाळी घड्या.
शेजारच्या हेडाऊकाकूंनी दोरी भरलेली पाहिली,
"आलं का मग बाळ घरी?"
तीनदा विचारलं. चौथ्या दिवशी
नुसत्याच पाहून आत गेल्या.

सात पाणी कधीच होऊन गेलं होतं.
मलमल इतकी मऊ झाली
की हातात आहे की नाही ते बघावं लागायचं.

एका संध्याकाळी मामाजी आले,
काही न बोलता ढीग मांडीवर घेतला
आणि एकेक मधोमध फाडत गेले,
कोरडेच, आवाज करत.
माझे अकराव्यानंतरचे बरे टाकेही गेले.
"मोठी झाली की जोडू," म्हणाले,
आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागले,
मांडीवर एवढं कापड असताना.

दोन डझनाचे चार झाले.

बावीस दिवसांनी ती आली.
दुपारी सव्वादोनला पहिला ओला झाला.
हातभरही नाही, चार बोटांएवढी ओल,
प्रणोतीने तो मला असा दिला
की जणू प्रसाद, सांडेल.
मी धुतला, पिळला, तसाच गच्चीवर धावलो.
चपला खाली राहिल्या.

एक चिमटा. दुसरा चिमटा.
पहिलं टोक चाचपून पाहिलं.
ओलंच.

"वाळलं नाही," मी कठड्यावरून ओरडलो,
एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत.
खालून, जिन्यातून, मामाजी:
"अजी, नवतपा कुठं लागला अजून!"

मी तिथेच थांबलो.
दोरीवर बाकी काहीच नव्हतं,
धोतराचा तो एक तुकडा, काठाशी हळद.
पाच मिनिटं लागली त्याला.